इरेजरहेड्स ऐकलंय का कुणी? फिलिपिन्सच्या कॉलेजातल्या चार पोरांचा बँड

इंजिनरूम_मधून

बरेच दिवस लिहायचं होतं, आता सुट्टीवर घरी आहे रत्नागिरीला आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये म्हणून लिहूनच टाकतो. मी मर्चंट नेव्हीत आहे, इंजिन साइडला. २००८ साली पहिलं जहाज केलं. जे जहाजावर आहेत त्यांना सांगायला नको की क्रू फिलिपिनो असला की मेसरूममध्ये कराओके असतोच असतो, शनिवारी ड्युटी संपली की माईक बाहेर येतो आणि ज्याला गाता येतं तो गातो, येत नाही तो जास्त गातो. त्या पहिल्या जहाजावर एक ऑइलर (इंजिनचं तेलपाणी बघणारा खलाशी) होता, माझ्याहून वयाने बराच मोठा, दिवसभर प्युरिफायर रूमच्या उष्णतेत आणि रात्री आंघोळ करून गिटार घेऊन बसायचा. बाकीची गाणी चालू असताना लोक जेवत असायचे, बोलत असायचे, पण एक गाणं त्याने सुरू केलं की बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), फिटर, चीफ कुक सगळे हातातलं ठेवून गायला लागायचे, आणि शेवटच्या कडव्याला एकदम गप्प होऊन ऐकायचे. मला तागालोगचा (त्यांची भाषा) एक शब्द येत नव्हता तरी अंगावर काटा यायचा.

ते गाणं 'आंग हुलिंग एल बिम्बो', म्हणजे 'शेवटचा एल बिम्बो'. एल बिम्बो हा सत्तरच्या दशकातला एक डिस्को नाच. ऑइलरने मला अर्थ सांगितला तो असा - शाळकरी मुलगा, शेजारची मुलगी, रोज दुपारी शाळा सुटली की तिच्या घरी जाऊन तो नाच शिकायचा, तेव्हा पहिल्यांदा तिचा हात धरला. वर्षं जातात, भेट नाही. मग कळतं तिला मूल आहे, नवरा नाही, मनिलाच्या एर्मिता भागात भांडी घासते, आणि एका रात्री अंधाऱ्या गल्लीत गाडीखाली जाते. हे सगळं इतक्या हलक्या चालीवर आहे की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला आनंदाचं गाणं वाटतं. आणि शेवट आल्यावर कळतं की आता त्याला तिच्याबरोबर फक्त स्वप्नातच नाचता येणार.

बँडचं नाव इरेजरहेड्स. डेव्हिड लिंचच्या सिनेमावरून घेतलेलं. १९८९ साली युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपिन्सच्या दिलिमान कॅम्पसवर (मनिलाला लागून असलेलं केझॉन सिटी) दोन कॉलेज ग्रुप होते, एक 'संडे स्कूल', त्यात इली बुएंदिया, आणि दुसरा 'कर्फ्यू', त्यात रायमंड मारासिगान, बडी झबाला आणि मार्कस अदोरो. दोन्ही मोडले आणि उरलेले चौघे एकत्र आले. इली गायचा आणि गिटार, मार्कस लीड गिटार, बडी बेस, रायमंड ड्रम. इली तर मनिलाचा पण नाही, तो बिकोल भागातल्या नागा शहराचा, म्हणजे आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातून पुण्याला शिकायला यावं तसं.

१९९१ ला रायमंडच्या घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी डेमो कॅसेट केली. कंपन्यांकडे घेऊन गेले तर उत्तर आलं की हे पुरेसं पॉप नाही, आणि त्या कॅसेटचं नाव काय तर 'पॉप यू'! मग क्लब ड्रेडमध्ये वाजवत राहिले, केझॉन सिटीतली ही जागा, जिथे बाकी कुठे घेत नाहीत असे बँड वाजवायचे. कॅसेट कॅम्पसवर एकाकडून दुसऱ्याकडे कॉपी होत गेली. शेवटी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीने घेतलं आणि १९९३ ला पहिला अल्बम आला 'अल्ट्राइलेक्ट्रोमॅग्नेटिकपॉप!' आणि तिथून पुढे तीनचार वर्षं त्या देशात दुसरं काही वाजतच नव्हतं असं माझे क्रूवाले सांगतात.

मला जे म्हणायचंय ते हे की ही पोरं फार मोठी वादक नव्हती. पण ती ज्या भाषेत मित्राशी बोलायची त्याच भाषेत गायली. त्यांचं 'पारे को' घ्या, 'पारे' म्हणजे यार, मित्रा. एक पोरगा दुसऱ्याला सांगतोय की त्या मुलीने मला कसं झुलवलं, आणि मध्ये चक्क शिवी आहे, जशी कट्ट्यावर येते तशी. त्यावर ओरड झाली, रेडिओसाठी शिवी काढून वेगळी आवृत्ती करावी लागली. 'लिगाया' या गाण्यात प्रियकर मुलीला चंद्रतारे देत नाही, तुझा थिसिस पण लिहून देतो म्हणतो. हे ऐकून होस्टेलवरच्या पोरांना काय वाटलं असेल विचार करा. आपलंच कुणीतरी स्टेजवर गेलंय.

---

तीन_कॉर्ड

काय आठवण काढलीत! मी यूट्यूबवर गिटार शिकताना एका फिलिपिनो शिक्षकाच्या चॅनलवर पोचलो होतो, त्याने पहिल्या धड्याला हेच गाणं घेतलं. गंमत म्हणजे अख्ख्या गाण्यात, कडवं काय आणि ध्रुवपद काय, एकच कॉर्डांचं चक्र फिरत राहतं - जी, ए सेव्हन, सी, परत जी. बस. पण त्यातला तो ए सेव्हन आहे ना तो मूळ सुरावटीत बसत नाही, त्यात सी शार्प येतो, त्याने कान वर ओढला जातो आणि लगेच पुढच्या सी कॉर्डला तोच सूर अर्ध्या पायरीने खाली उतरतो. म्हणजे दर ओळीला थोडं उजळतं आणि परत खाली येतं. आपल्याकडे शुद्ध आणि कोमल स्वर लागोपाठ लावले की जी हुरहूर लागते तसंच काहीसं. गोष्ट दुःखाची होत जाते पण कॉर्ड बदलत नाहीत, म्हणून तर जास्त लागतं. मी नव्या मुलांना आता हेच शिकवतो, शब्द कळत नाहीत तरी आवडतं त्यांना.

---

मकातीकर

मी मकातीला (मनिलाला लागूनच) ९ वर्षं काढली, बँकेच्या बॅक ऑफिसमध्ये, म्हणून थोडी भर घालतो. मूळ पोस्टमध्ये आलंय त्याच्या आधीचं सांगायला हवं नाहीतर हे आभाळातून पडल्यासारखं वाटेल.

फेब्रुवारी १९८६ ला एद्सा रस्त्यावर लाखो लोक उतरले आणि हुकूमशहा मार्कोस पळाला, हे माहीतच असेल. त्यानंतर कोराझोन अकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या. १९८७ ला त्यांनी एक आदेश काढला, क्रमांक २५५, की प्रत्येक रेडिओ स्टेशनने तासाला किमान ४ गाणी फिलिपिनो लोकांनी बनवलेली वाजवलीच पाहिजेत. तिकडे ओपीएम म्हणतात, ओरिजिनल पिलिपिनो म्युझिक. त्याच वर्षी एनयू १०७ नावाचं रॉक स्टेशन पण सुरू झालं. म्हणजे जागा तयार होती, कोणीतरी यायची गरज होती. आधी पण रॉक होतं तिकडे, सत्तरच्या दशकात हुआन दे ला क्रूझ बँडने तागालोगमध्ये रॉक गाऊन दाखवलंच होतं, पण ऐंशीच्या दशकातला रेडिओ बराचसा अमेरिकन होता आणि गंभीर रॉकवाले वेगळ्या कोपऱ्यात.

आणि १९९२-९३ म्हणजे ब्राउनआउटचा काळ. मनिलात दिवसाचे कित्येक तास लाइट नसायची, वीजच कमी पडत होती देशाला. माझे ऑफिसातले वयाने मोठे सहकारी सांगायचे की लाइट गेली की गल्लीत खुर्च्या टाकायच्या आणि गिटार काढायची. जी गाणी गिटारवर वाजवता येतात ती गाणी त्या काळात पसरली. तीन_कॉर्ड यांनी लिहिलंय ते वाचून हे एकदम डोक्यात आलं.

अल्बमच्या नावाबद्दल पण एक. 'व्होल्टेस फाइव्ह' नावाचं जपानी कार्टून, मोठा रोबो, त्याचं शस्त्र 'अल्ट्रा इलेक्ट्रोमॅग्नेटिक टॉप', म्हणजे भोवरा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिकडची सगळी पोरं दर आठवड्याला टीव्हीसमोर बसायची. १९७९ ला मार्कोस सरकारने ते बंद करून टाकलं, शेवटचे काही भाग राहिले होते तेव्हा. अख्ख्या पिढीला शेवट बघायला मिळाला नाही. इली तेव्हा ८-९ वर्षांचा. ती मुलं मोठी झाली आणि त्यांच्या बँडच्या पहिल्या अल्बमला त्या भोवऱ्याचं नाव. परदेशी माणसाला ते नुसतं विचित्र लांब नाव वाटतं, तिकडच्या माणसाला लगेच कळतं आपलं बालपण काय होतं ते.

---

पावसाळी_चहा

आत्ता ऐकलं. दोनदा. दुसऱ्यांदा अर्थ वाचत. शेवटी गल्लीचा भाग आला तिथे थांबवावं लागलं. धन्यवाद धाग्यासाठी.

---

उलट_तपासणी

वाचायला छान आहे पण शीर्षकातून जो मैत्रीचा सूर निघतोय त्यावर आक्षेप आहे. इलीने स्वतः २०२१ ला एका पॉडकास्टवर सांगितलंय की आम्ही कधी जिवलग मित्र वगैरे नव्हतो आणि म्हणूनच बँड फुटला. तिकडे केवढा गदारोळ झाला होता, लोकांना आपलं बालपण खोटं ठरल्यासारखं झालं. २००२ ला तो बाहेर पडला तेव्हा बाकीच्यांना मोबाइलवर मेसेज पाठवला होता की आता ग्रॅज्युएशन डे. १३ वर्षांनंतर एक मेसेज! त्यापेक्षा शाळेतल्या दोस्तांचा बँड म्हणायचा तर 'पारोक्या नि एदगार' (हे एकाच बँडचं नाव). आतेनेओ हायस्कूलमधले वर्गमित्र, चिटो मिरांडा वगैरे, १९९३ ची सुरुवात, पहिला अल्बम १९९६ ला. सुरुवातीला बायकांचे घरातले गाऊन घालून स्टेजवर यायचे, लोकप्रिय गाण्यांची विडंबनं करायचे. मग 'हाराना' सारखं साधं प्रेमगीत केलं, ते आजही तिकडे लग्नात वाजतं. आणि ते अजून एकत्र गातायत.

---

इंजिनरूम_मधून

@उलट_तपासणी, आक्षेप बरोबर आहे आणि पारोक्यांचा उल्लेख केलात ते बरं झालं, मी त्यांच्यावर वेगळं लिहिणार होतो. 'बुलोय' नावाचं त्यांचं गाणं आहे, आत्महत्या केलेल्या मित्राला उद्देशून, ते शाळेच्या दोस्तांनाच सुचू शकतं.

पण मी शीर्षकात मित्र लिहिलंच नाहीये, मुद्दाम. माझं मत असं बनलंय की इरेजरहेड्स वर गेले ते मैत्रीमुळे नाहीच. जहाजावर राहून मला हे जास्त पटतं. आम्ही २०-२२ माणसं ६-६, ९-९ महिने एकत्र असतो, सगळे काही जिवलग नसतात, काहींशी तर जेवणाच्या टेबलापलीकडे बोलणं नसतं, पण रात्री दोनला ब्लॅकआउट झाला की तीच माणसं एका शब्दाशिवाय आपापल्या जागी पोचतात आणि जनरेटर चालू होतो. त्याला मैत्री म्हणायचं की काय मला माहीत नाही, पण ते खोटं नक्कीच नाही. त्या चौघांचं असंच असणार. आणि एक बघा, चौघेही लिहायचे, नुसता इली नाही, म्हणून अल्बममध्ये दर दोन गाण्यांनी हवा बदलते. त्यांच्या बहुतेक अल्बमचा निर्माता रॉबिन रिवेरा, तो त्यांच्याच युनिव्हर्सिटीत शिकवायचा. म्हणजे गाडी कॅम्पसवरूनच चालत होती.

१९९४ चा 'सर्कस', १९९५ चा 'कटरपिलो', हे दोन त्यांचे खरे. 'सर्कस' मधल्या 'आलापाआप' वर (म्हणजे ढग) १९९५ ला सिनेटर तितो सोत्तो यांनी बंदीची मागणी केली, हे ड्रग्जचं गाणं आहे म्हणून. बँडने उत्तर दिलं की हे स्वातंत्र्याचं गाणं आहे. सोत्तो स्वतः संगीतकार आणि टीव्हीवरचे लोकप्रिय सूत्रसंचालक, त्यामुळे ते प्रकरण जास्तच गाजलं. गाणं काही थांबलं नाही. मग 'कटरपिलो' मध्ये एल बिम्बो आलं आणि १९९७ ला त्याच्या व्हिडिओला न्यूयॉर्कला एमटीव्हीचं बक्षीस, आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं. व्हिडिओ ऑरियस सोलितोचा. फिलिपिनो बँडला असं पहिल्यांदाच मिळत होतं. आमचा बोसन तेव्हा शाळेत होता, तो म्हणतो गल्लीत फटाके वाजले होते.

---

उपनगरी_बेस

वाचताना राहून राहून आपला विचार येतोय. मी नव्वदच्या दशकात मुंबईत बेस वाजवायचो. रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक व्हायचं, १९८६ पासून, पावसात भिजत उभे राहायचो तिथे, काय बँड होते, काय वादक होते! पण आम्ही सगळे इंग्रजीत गायचो. घरी मराठी, लोकलमध्ये हिंदी-मराठी, ब्रेकअप झालं तर मित्राजवळ रडायचं मराठीत, आणि गाणं लिहायला बसलं की इंग्रजी. कॉलेज फेस्टिव्हलला कुणी मराठीत रॉक गायलं असतं तर आम्हीच खाली उतरवलं असतं, हे मी आज प्रामाणिकपणे लिहितोय. आमच्या बँडमध्ये एकाने एक मराठी गाणं आणलं होतं १९९५ च्या आसपास, वडिलांच्या गिरणीवर होतं, संप झाल्यावर घरात काय झालं ते. सुंदर होतं. आम्ही घेतलं नाही. त्याने परत काही आणलं नाही. त्याच वर्षी मनिलामध्ये ही पोरं भांडी घासणाऱ्या मुलीवर गात होती आणि देश ऐकत होता. फार लागलं मला हे.

---

तीन_कॉर्ड

@उपनगरी_बेस ते गिरणीचं गाणं आठवतंय का अजून? चाल तरी? लिहून ठेवा प्लीज. त्या मित्राशी संपर्क आहे का?

---

उपनगरी_बेस

ध्रुवपद आठवतंय. संपर्क आहे, फोन करतो या रविवारी.

---

शब्दांची_पेटी

भाषेवरून एक छोटी भर, गाण्याशी थेट संबंध नाही पण राहवत नाही. 'पारे' हा शब्द स्पॅनिश 'कोंपाद्रे' वरून आलाय, त्यातला 'पाद्रे' म्हणजे आपला पाद्री, आपल्याकडे तो पोर्तुगीजांकडून आला. तसेच तागालोगमध्ये बुटांना सपातोस म्हणतात आणि आपल्या आज्या सपाता म्हणायच्या. तिकडे स्पेन तीनशेवर वर्षं, इकडे गोवा वसई पोर्तुगाल. म्हणून ती भाषा कानाला पूर्ण परकी वाटत नाही की काय कुणास ठाऊक. बाकी धागा अप्रतिम, सगळी गाणी ऐकतेय क्रमाने.

---

मकातीकर

पुनर्मिलनाचं कोणी लिहिलं नाही अजून. ३० ऑगस्ट २००८, मनिलाजवळच्या बोनिफासिओच्या मोकळ्या मैदानावर. आधी एका सिगारेट कंपनीच्या पैशावर फुकट होणार होतं, आरोग्य खात्याने हरकत घेतली, मग जागा बदलली आणि तिकीट लावून झालं. इलीची आई दोन दिवस आधी वारली होती. तरी तो उभा राहिला. पहिला भाग संपला, मध्यंतर झालं, आणि मग घोषणा झाली की त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलंय, कार्यक्रम इथेच थांबतोय. लोकांनी तक्रार केली नाही, उभे राहून गात घरी गेले असं सांगतात. मग ७ मार्च २००९ ला 'द फायनल सेट' झाला मॉल ऑफ एशियाच्या मैदानावर. त्याच्या आदल्याच दिवशी फ्रान्सिस मागालोना गेला, तिकडच्या रॅपचा मोठा माणूस, 'कटरपिलो' मध्ये त्यांच्याबरोबर गायलेला. त्याच्यासाठी त्याचं गाणं गायले त्या रात्री.

मी स्वतः बघितलं ते २२ डिसेंबर २०२२ चं, मनिलाजवळच्या परान्याकेला. त्याची पण कथा आहे. सप्टेंबर २०२१ ला कुणीतरी ट्विटरवर इलीला विचारलं परत कधी एकत्र येणार, तो म्हणाला लेनी उभी राहिली तर. लेनी रोब्रेदो तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष, इलीच्याच नागा शहराच्या. त्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या, तेही मार्कोसच्या मुलाकडून. म्हणजे १९७९ ला ज्यांचं कार्टून बंद झालं त्यांच्यावर चव्वेचाळीस वर्षांनी तेच आडनाव. कार्यक्रम मात्र झाला. ७५ हजार लोक होते असं पेपरात आलं. माझ्या पुढे एक बाई होती पन्नाशीच्या आसपासची, बरोबर मुलगी कॉलेजची, दोघींना सगळे शब्द पाठ. मला अर्धेच येत होते, त्या बाईने मागे वळून मला हाताने ताल दाखवला आणि पुढची ओळ कानात सांगत राहिली. एवढ्या वर्षांत मनिलात मी कधी इतका आपलेपणाने उभा नव्हतो.

---

उलट_तपासणी

१९७९ ते २०२२ म्हणजे ४३ वर्षं होतात, बाकी पोस्ट जबरदस्त.

---

मकातीकर

बरोबर, ४३. बदलता येत नाही आता पोस्ट.

---

इंजिनरूम_मधून

तो ३० ऑगस्टचा कार्यक्रम झाला तेव्हा मी पहिल्या जहाजावर होतो. आम्ही समुद्रात, इंटरनेट नव्हतं तेव्हा जहाजावर, सॅटेलाइट फोनची कार्डं घ्यायचो, मिनिटं मोजून बोलायचं. त्या ऑइलरने कार्डावरची राहिलेली सगळी मिनिटं त्या रात्री भावाला फोन करून घालवली, भाऊ मैदानाजवळ होता, त्याने फोन वर धरला आणि हा रिसीव्हर कानाला लावून नुसता ऐकत बसला. आम्ही चारपाच जण बाजूला. आवाज काय येणार त्यातून, खरखर आणि लोकांचा गोंधळ, मध्येच कुठेतरी गिटार. मग कार्ड संपलं. बायकोशी बोलायला त्याच्याकडे पुढच्या बंदरापर्यंत मिनिट उरलं नव्हतं. कार्यक्रम अर्धवट थांबला हे आम्हाला नऊ दिवसांनी बंदरात लागल्यावर कळलं.

---

पावसाळी_चहा

कुठून सुरू करू बाकीची? क्रम सांगा ना.

---

इंजिनरूम_मधून

आधी 'लिगाया' आणि 'पारे को', म्हणजे ती पोरं कोण होती ते कळेल. मग 'सर्कस' अख्खा, त्यात 'मागासिन' आणि 'विथ अ स्माइल' आहे, ते इंग्रजीत आहे, सोपं जाईल. मग 'कटरपिलो' पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता, एल बिम्बो सगळ्यात शेवटी येतं त्यात. तेव्हा व्हिडिओ बघू नका, फक्त आवाज, आणि जमलं तर मोठ्याने लावा, शेवटी गिटार बराच वेळ चालू राहतं ते मध्येच बंद करू नका.